औषध न बनवणारा औषधनिर्माता

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात ज्या खिडकीतून औषधे मिळतात, तिच्या पलीकडे बसणाऱ्या व्यक्तीचे पद ‘औषधनिर्माण अधिकारी’ असे असते. पण तिथे कोणतेही औषध निर्माण होताना दिसत नाही. कारखान्यातून आलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या, मोजायच्या आणि ‘सकाळी एक, रात्री एक’ असे सांगून द्यायच्या. एवढ्यासाठी दोन किंवा चार वर्षे रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र शिकायची काय गरज, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले तर त्याला काय उत्तर द्यावे?

पद खोटे नाही, ते जुन्या कामावरून पडलेले आहे. आजच्या आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी दवाखान्यात जाताना घरून धुतलेली बाटली न्यावी लागे. आत कंपाउंडर काट्यावर पावडरी तोलायचा, खलात घोटायचा, काचेच्या मापाने पाणी घालून लाल मिक्श्चर तयार करायचा. मग कागदाची पट्टी दातेरी कातरून बाटलीवर चिकटवायचा. एक दाता म्हणजे एक डोस. वर ‘बाटली हलवून घ्या’ ही ताकीद असेच. (ती ताकीद का, हा निलंबन आणि द्रावण शिकवताना विचारण्याजोगा छान प्रश्न आहे.) हे खरोखरच औषध बनवणे होते.

हा धंदा फार जुना आहे. युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषध तयार करणारा यांची कामे कायद्याने वेगळी केली. जो औषध लिहितो त्याचा ते विकण्यात स्वार्थ नसावा, हा त्यामागचा विचार. औषधाच्या दुकानांतून पुढे रसायनशास्त्रही बरेच घडले. ऑक्सिजन आणि क्लोरीन शोधणारा शीले हा स्वीडनमधला औषधविक्रेता होता. अफूतून मॉर्फिन वेगळे करणारा जर्टुर्नर हाही त्याच व्यवसायातला, आणि १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन मिळवणारे पेल्तिये आणि कावाँतू हे दोघेही.

आपल्याकडे या क्षेत्रात बराच काळ अनागोंदी होती. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच, हे १९४८ च्या कायद्याने ठरवले.

गंमत अशी, की कायद्याने हा अधिकार दिला त्याच सुमारास तयार करण्याचे काम दुकानातून कारखान्यात जाऊ लागले होते. यंत्रातून निघालेली गोळी वजनाला अधिक अचूक, टिकायला चांगली आणि स्वस्त. खलबत्ता मागे पडला. मग उरले काय? गोळ्या मोजणे. अमेरिकेतल्या फार्मासिस्टांनाही हाच प्रश्न पडला होता. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात एक प्रयोग झाला. नवव्या मजल्यावरच्या वॉर्डात फार्मासिस्टना तळघराऐवजी रुग्णांजवळ बसवले. कोणते औषध, किती, कशाबरोबर, याची चर्चा ते तिथेच डॉक्टर आणि परिचारिकांशी करू लागले. १९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड या दोन अमेरिकन अध्यापकांनी या विचाराला नेमके रूप दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: औषध रुग्णाच्या हातात पडले की फार्मासिस्टची जबाबदारी संपत नाही, त्या औषधाने रुग्णाला अपेक्षित गुण आला की नाही, हेही त्याने पाहिले पाहिजे.

वाचायला हे सोपे वाटते. पण ‘पाहिले पाहिजे’ म्हणजे नेमके काय करायचे? ते समजण्यासाठी एकाच औषधाची गोष्ट सविस्तर पाहू या.

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या पशुपालकांपुढे एक विचित्र संकट आले. गाईगुरांची शिंगे कापली किंवा साधी जखम झाली तरी रक्त थांबेना. जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओला राहून बुरशी लागली, की तो खाल्लेल्या जनावरांना हा आजार होतो, हे पशुवैद्यांनी शोधले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात आला. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ वेगळा करायला पुढची सहा वर्षे घेतली. त्या पदार्थाच्या भावंडांपैकी एक म्हणजे वॉरफेरिन. ते प्रथम १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांचे औषध म्हणून मान्य झाले.

उंदराचे विष माणसाला कशाला? कारण काही रुग्णांत रक्त नको तिथे गोठते. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवली, की तिच्यावर गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर पक्षाघात होतो. आपल्याकडे असे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या आजाराची सुरुवात शाळेच्या वयात झालेली असते. घसा दुखतो, त्यामागे स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असतो, काही मुलांना त्यानंतर संधिवाती ताप येतो आणि हळूहळू हृदयाच्या झडपा खराब होतात. एखादा विद्यार्थी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनसाठी गैरहजर राहत असेल, तर त्याची ती रजा अडवू नये.

वॉरफेरिन काम कसे करते? रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. (हे ‘के’, आवळ्या-लिंबातले ‘क’ नव्हे. मराठीत हा घोटाळा नेहमी होतो.) एकदा वापरले गेलेले ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा कामाचे करून देणारे एक विकर शरीरात असते. वॉरफेरिन त्या विकरालाच अडवते. परिणामी नवी प्रथिने अपुरी बनतात. मात्र रक्तात आधीच असलेल्या प्रथिनांना ते हात लावत नाही. ती आपल्या गतीने संपायची तेव्हाच संपतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मधली सुरक्षित पट्टी अरुंद. ती मोजण्यासाठी आयएनआर नावाचा आकडा वापरतात. निरोगी माणसात तो साधारण १ असतो. वॉरफेरिन घेणाऱ्या बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो, काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे अभिकारक वेगळे आणि आकडेही वेगळे असत. पुण्यातला अहवाल मुंबईत निरुपयोगी. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत स्वीकारली, तेव्हा सगळ्यांचे माप एक झाले. हा आकडा २ ते ३ मध्ये ठेवायला एकाला रोज २ मिलिग्रॅम पुरतात, तर दुसऱ्याला ८ लागतात. जनुकांतला फरक, वय, यकृताची स्थिती, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणजे ‘सकाळी एक, रात्री एक’ इथे चालणारच नाही.

आता एक प्रयोग वर्गात करून पाहा. एक लिटरच्या पारदर्शक बरणीत खुणेपर्यंत पाणी घ्या. त्यात एक चमचा शाई घाला. हा पहिला डोस. आता अर्धे पाणी ओतून द्या, तेवढेच साधे पाणी खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा एक चमचा शाई घाला. असे आठ-दहा वेळा करा. दर वेळी थोडे पाणी परीक्षानळीत काढून नळ्या ओळीने लावा. रंग प्रथम भराभर गडद होतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी जवळपास थांबते. का, ते आकड्यांत पाहू. एक चमचा म्हणजे १०० एकक धरले तर प्रत्येक डोसनंतर बरणीत अनुक्रमे १००, १५०, १७५, १८७.५, १९३.७५ एकक शाई असते. ही मालिका २०० च्या जवळ जात राहते, पण ओलांडत नाही. कारण २०० झाल्यावर अर्धे म्हणजे १०० जातात आणि १०० च येतात. जावक-आवक सारखी.

अर्धे औषध शरीराबाहेर जायला लागणारा वेळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. बरणी सांगते, की डोस बदलला तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण पाच अर्धायुष्ये लागतात. दोन चमचे शाई घातली तर रंग दुप्पट होईल, पण स्थिर व्हायला तितक्याच फेऱ्या लागतील. तेही मुलांना करून पाहू द्या.

वॉरफेरिनचे अर्धायुष्य सरासरी ४० तासांच्या आसपास आहे. त्यात मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट मिळवा. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांनाही अर्धायुष्य असते. सातव्या क्रमांकाच्या घटकाचे सुमारे ६ तास, तर दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचे सुमारे अडीच दिवस. औषध सुरू केल्यावर सातवा घटक लगेच घटतो आणि दोन-तीन दिवसांत आयएनआर वर सरकू लागतो. वाटते, काम झाले. पण गुठळीपासून खरे संरक्षण प्रोथ्रॉम्बिन उतरल्यावरच मिळते आणि त्याला आणखी काही दिवस लागतात. उलट, आज आकडा कमी दिसला म्हणून डोस वाढवला, उद्या पुन्हा कमी दिसला म्हणून पुन्हा वाढवला, तर आठवड्याने सगळे वाढीव डोस एकदम अंगावर येतात. हिशेब करणारा माणूस शांत डोक्याचा हवा.

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत हा हिशेब फार्मासिस्टकडे असतो. रुग्ण ठरलेल्या दिवशी येतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर पाहिला जातो. पण त्या भेटीत महत्त्वाचा भाग असतो तो प्रश्नांचा. हिरड्यांतून रक्त येते का? शौचाला काळी होते का? एखादी गोळी चुकली का? नवे औषध सुरू झाले का? खाण्यात बदल? मग आठवड्याच्या एकूण डोसमध्ये थोडीशी घट किंवा वाढ आणि पुढची तारीख. ब्रिटनमध्ये तर प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना २००६ पासून स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देण्याचीही परवानगी आहे.

खाण्याचा प्रश्न का, ते आता कळेल. पालक, मेथी, कोथिंबीर यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. पावसाळ्यानंतर बाजारात पालेभाज्यांची रेलचेल झाली आणि घरात रोज मेथी होऊ लागली, तर आयएनआर उतरतो. म्हणून पालेभाजी बंद करा, असा सल्ला काही लोक देतात. तो चुकीचा आहे. भाजी खावी, पण दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात. डोस त्याप्रमाणे बसवता येतो.

नव्या औषधाचा प्रश्न याहून गंभीर. वॉरफेरिन घेणाऱ्या बाईंना क्षयरोग झाला असे समजा. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन यकृतातल्या विकरांना असे चेतवते, की ती वॉरफेरिन भराभर संपवून टाकतात. आयएनआर कोसळतो, डोस खूप वाढवावा लागतो. सहा महिन्यांनी क्षय बरा होतो, रिफॅम्पिसिन थांबते, सगळ्यांना आनंद होतो. आता वॉरफेरिनचा तो वाढवलेला डोस कोणी उतरवायचा? नाही उतरवला तर काही आठवड्यांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. याच्या उलट, जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल वॉरफेरिनचा परिणाम वाढवते. अंगदुखीवरची आयब्रुप्रोफेनसारखी गोळी जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढवते, आणि तिला तर कोणी चिठ्ठीही मागत नाही.

हृदयाचे डॉक्टर वेगळे, क्षयाचे वेगळे, जुलाबाचे औषध गावातल्या डॉक्टरांनी दिलेले. तीनही चिठ्ठ्या जिथे एकत्र येऊ शकतात अशी जागा एकच, औषधाचे दुकान. आमच्या मते फार्मासिस्टच्या शिक्षणाचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे. अर्थात चिठ्ठ्या एकाच दुकानात आल्या तर. आणि दुकानात फार्मासिस्ट स्वतः हजर असला तर. भिंतीवरच्या चौकटीत प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर भलताच कोणी, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

वॉरफेरिनची ही कटकट टाळणारी नवी औषधे आली आहेत. २०१० मध्ये अमेरिकेत डॅबिगट्रानला मान्यता मिळाली, पाठोपाठ रिव्हरॉक्सबॅन, एपिक्सबॅन आली. त्यांना नियमित आयएनआर लागत नाही. मग वॉरफेरिन इतिहासजमा? नाही. कृत्रिम धातूच्या झडपांत डॅबिगट्रानची चाचणी २०१२ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण त्या रुग्णांत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त आढळले. संधिवाती हृदयविकार आणि हृदयाची अनियमित लय एकत्र असलेल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही रिव्हरॉक्सबॅनपेक्षा जुन्या जातीची औषधेच सरस ठरली. म्हणजे ज्या देशात संधिवाती झडपांचे रुग्ण जास्त, तिथे आयएनआरचा हिशेब अजून बराच काळ करावा लागणार.

सगळे धोके इतके गुंतागुंतीचे नसतात. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा दर मिलिलिटरला ४० एककांच्या असतात, पेनची नळी मात्र १०० एककांची. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० साठी लाल टोपण, १०० साठी नारिंगी. ४० च्या बाटलीतले इन्सुलिन कोणी १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर त्याला किती एकक मिळतील? खूण २० ची असली तरी आकारमान ०.२ मिलिलिटर, म्हणून फक्त ८ एकक. उलट चूक झाली तर ०.५ मिलिलिटरमध्ये ५० एकक जातील आणि रुग्ण बेशुद्ध पडेल. सातवीच्या गुणोत्तर-प्रमाणात बसणारे हे गणित आहे आणि ते सोडवण्याची जागा औषधाचा काउंटर आहे. सिरिंज देताना बाटली कोणती हे विचारले, की संकट टळते.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट तशीच. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. पण आपल्याला गोळी म्हणजे रोजची, अशी सवय. ती रोज घेतली तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते, पांढऱ्या पेशी घटतात. मृत्यूही ओढवू शकतो. यावरचा उपाय अगदी साधा. पाकिटावर नुसते ‘आठवड्यातून एकदा’ न लिहिता ‘फक्त रविवारी’ असे वार घालून लिहायचे आणि रुग्णाकडून ते परत म्हणवून घ्यायचे.

नव्या उपचारांत औषध बनवण्याचे काम, थोडे का होईना, रुग्णालयात परत आले आहे. हृदय, हाडे, थायरॉइड यांच्या तपासणीसाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. त्याचे अर्धायुष्य अवघे ६ तास. ते साठवून ठेवताच येत नाही. म्हणून रुग्णालयात मॉलिब्डेनम-९९ चा संच ठेवतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तास आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम तयार होत राहते. सकाळी संचातून ते ‘दोहून’ घ्यायचे, ज्या अवयवाकडे पाठवायचे त्यानुसार योग्य रसायनाला जोडायचे आणि वेळेत द्यायचे. दुपारी दोनला २० एकक हवे असतील तर सकाळी आठला ४० तयार हवेत. रुग्णाची गाडी सहा तास उशिरा आली, तर डोस निम्मा झालेला असतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सारी वैद्यकाचे केंद्र १९६३ पासून या क्षेत्रात काम करते आहे.

त्याहून पुढचे पाऊल म्हणजे औषध म्हणून जिवंत पेशी. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. काही रक्तकर्करोगांत रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, त्यांत नवे जनुक घालतात, म्हणजे त्यांना कर्करोगाच्या बी-पेशींवरची खूण ओळखता येते. मग त्या वाढवून, गोठवून रुग्णालयात आणतात आणि रुग्णाला परत देतात.

इथे जगात एकाच माणसासाठी बनलेले औषध एका पिशवीत असते. ती पिशवी दुसऱ्या कोणाला दिली तर अनर्थ, वाटेत तापमान वाढले तर पेशी मेलेल्या, वितळवल्यावर उशीर केला तरी तेच. पिशवीवरची ओळख आणि रुग्णाची ओळख पुन्हा पुन्हा जुळवणे, प्रवासातल्या तापमानाची नोंद तपासणे, ही कामे काही ठिकाणी पेशी-प्रयोगशाळा करते, काही ठिकाणी फार्मसी. एक काम मात्र फार्मसीचेच. या पेशी कर्करोगावर तुटून पडल्या, की शरीरात प्रतिकारशक्तीचे वादळ उठू शकते, ताप चढतो, रक्तदाब घसरतो. ते शमवणारे टोसिलिझुमॅब पेशी देण्यापूर्वीच शीतकपाटात तयार आहे, हे पाहावे लागते. नंतर शोधाशोध करायला वेळ नसतो.

भारतात रुग्णाजवळ काम करणाऱ्या फार्मासिस्टसाठी ‘फार्म.डी.’ हा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. बारावीनंतर सहा वर्षांचा. पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हा फार्मासिस्टच्या कामाचा भाग ठरवला आहे. बारावीला भौतिक व रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्र किंवा गणित घेतलेल्या विद्यार्थ्यांना हा मार्ग खुला आहे. वाट पाहणारी पदे मात्र अजून मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच जास्त आहेत. तालुक्याच्या गावी तोच प्रश्न विचारायला तोच डी.फार्म. झालेला फार्मासिस्ट भेटेल. त्याला प्रश्न विचारा. वॉरफेरिन घेणाऱ्या शेजाऱ्याची नवी चिठ्ठी आणायला गेलात, तर जुनी चिठ्ठीही बरोबर न्या.